सँडब्लास्टर घेताय? आधी कंप्रेसर बघा

जुनी गाडी घरी नव्यानं उभी करायची तर सँडब्लास्टरच्या (दाबाच्या हवेनं खरखरीत कण मारून गंज-रंग काढणारं यंत्र) टाकीच्या आकारावर जाऊ नका. खरा प्रश्न तुमचा कंप्रेसर किती हवा देतो हा आहे. दाब सगळेच देतात, पण सलग हवा (सीएफएम, म्हणजे मिनिटाला किती घनफूट) कमी पडली की दोन मिनिटांत धार मरते आणि मग कंप्रेसरची टाकी भरेपर्यंत नुसतं उभं राहायचं. 3 मिमीच्या नोझलला 90 पीएसआय दाबावर साधारण 15 ते 20 सीएफएम लागतात. घरगुती छोटे कंप्रेसर त्याच्या आसपासही जात नाहीत. त्यातच नोझल झिजतं. भोक 3 चं 4 मिमी झालं की हवा जवळपास पावणेदोनपट लागते. म्हणून सिरॅमिकपेक्षा कमी झिजणारं बोरॉन कार्बाइडचं नोझल महाग असलं तरी परवडतं.

ब्रॅकेट, नट-बोल्ट असल्या बारीक कामाला सायफनवाली गन (हवेच्या ओढीनं कण खेचून घेणारी) आणि बंद कॅबिनेट पुरतं. चॅसिससाठी मात्र प्रेशर पॉटच (कणांची टाकीच दाबाखाली ठेवणारा प्रकार) घ्या, काम कितीतरी लवकर उरकतं. हवेतलं पाणी अडवणारा फिल्टर हवाच, नाहीतर ग्रिटचा (मारायच्या कणांचा) चिखल होऊन व्हॉल्व्ह तुंबतो.

बॉनेट, दरवाजे, छत यांच्या सपाट पत्र्यावर जोर लावू नका. पत्रा फुगतो आणि पुन्हा सरळ होत नाही. तिथे दाब कमी ठेवून कणांऐवजी सोड्याची पूड मारा किंवा सरळ पेंट रिमूव्हर वापरा.

आणि नाव सँडब्लास्टर असलं तरी वाळू भरू नका. तिच्या सिलिका धुळीनं सिलिकोसिस हा फुफ्फुसांचा आजार होतो. गार्नेट किंवा अॅल्युमिनियम ऑक्साइड वापरा, तेही चांगला रेस्पिरेटर (धूळ गाळणारा मास्क) लावूनच.