जे आजारी पडले नाहीत, त्यांनाही विचारा

एमबीबीएस किंवा पीएसएममधलं (सामुदायिक वैद्यकशास्त्रातलं) एमडी करून फील्ड एपिडेमिऑलॉजीकडे, म्हणजे गावात जाऊन साथींचं मूळ शोधण्याच्या कामाकडे, वळणाऱ्यांसाठी हे लिहितोय. कोर्स तुम्हाला माहीत असतीलच. चेन्नईच्या एनआयई या साथरोग संस्थेचा एफईटीपी हा प्रशिक्षणक्रम 2001 पासून आहे, दिल्लीच्या एनसीडीसी या राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्राचा दोन वर्षांचा ईआयएस 2012 पासून. दोन्हीकडे वर्ग थोडा आणि गावोगाव फिरणं जास्त. प्रवेश कसा मिळवायचा हे कुणीही सांगेल. मला सांगायचंय ते माझ्या पहिल्या तपासाबद्दल.

लग्नाच्या जेवणानंतर एका गावात उलट्या-जुलाबाची साथ आली. मी पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात) बसून लाइन लिस्ट, म्हणजे रुग्णांची यादी केली: नाव, वय, लक्षणं कधी सुरू झाली, काय खाल्लं. यादीतल्या जवळजवळ प्रत्येकाने बासुंदी खाल्ली होती. मी संध्याकाळी सरपंचांना सांगून टाकलं की बासुंदीच दिसतेय.

दुसऱ्या दिवशी माझ्या मेंटर आल्या. त्यांनी यादी पाहिली आणि एवढंच विचारलं, "बासुंदी खाऊन ठणठणीत असलेले किती?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

हे नीट समजून घ्या, कारण भलेभले इथे चुकतात. समजा, 100 आजारी माणसांपैकी 95 जणांनी बासुंदी खाल्ली. आकडा भारी वाटतो. पण न आजारी पडलेल्या 100 जणांपैकीही 95 जणांनी ती खाल्ली असेल, तर बासुंदीविरुद्ध तुमच्या हातात काहीच नाही. लग्नात बासुंदी कोण सोडतो? म्हणून खाणाऱ्यांपैकी किती आजारी पडले आणि न खाणाऱ्यांपैकी किती, हे दोन्ही हवं. आजारी माणसं स्वतःहून दवाखान्यात येतात. बरी माणसं शेतावर असतात, त्यांना शोधायला आपण जायचं असतं.

आशाताईंना घेऊन आम्ही पुन्हा घरोघर फिरलो. बासुंदीत फरक निघाला नाही. फरक निघाला तो शेवटच्या पंगतीतल्या मसालेभातात. तो दुपारपासून तसाच झाकून ठेवलेला होता. नमुना उरला नव्हता, त्यामुळे लॅबकडून शिक्कामोर्तब झालं नाही. बासुंदी करणाऱ्या आचाऱ्याच्या घरी जाऊन मी चूक सांगितली. त्यांनी पाणी दिलं, ऐकून घेतलं. तोवर त्यांची दोन लग्नं रद्द झाली होती.

बिहारच्या मुझफ्फरपूरमध्ये 2014 साली 26 मे ते 17 जुलै या काळात 390 मुलं मेंदूच्या आजाराने दोन रुग्णालयांत दाखल झाली, त्यांतली 122 दगावली. लिचीवर संशय होता, पण लिचीच्या हंगामात तिथलं कुठलं मूल लिची खात नाही? म्हणून एनसीडीसी आणि अमेरिकेच्या सीडीसी या रोग नियंत्रण संस्थेच्या पथकाने 104 आजारी मुलांसोबत त्याच वयोगटातली, तो आजार नसलेली 104 मुलं घेतली. तेव्हा कुठे लिची आणि रात्री न जेवता झोपणं, या दोन्हींचा संबंध पुढे आला. रात्री मुलांना जेवू घाला, हा सल्ला त्यातूनच निघाला.

शॉर्टकटबद्दल माझं मत कडक आहे. दोन दिवसांच्या ऑनलाइन प्रमाणपत्राने एपिडेमिऑलॉजिस्ट होत नाही, आणि आयएचआयपी या सरकारी रोग-सर्वेक्षण पोर्टलवरचे आकडे केबिनमध्ये बसून बघूनही होत नाही. मेंटर निवडायची संधी मिळाली, तर तुमच्यासोबत जीपमध्ये बसणारा निवडा. नुसता रिपोर्ट दुरुस्त करणारा नको.

आणि घाबरू नका. स्टॅटिस्टिक्स कच्चं आहे म्हणून मी रात्र-रात्र जागलो आहे, पण बहुतेक साथींत दोन ओळी (खाल्लं, नाही खाल्लं), दोन रकान्यांचा (आजारी, बरे) तक्ता हाताने काढता आला तरी काम सुरू होतं. सॉफ्टवेअर नंतर शिकता येतं. जिल्हा सर्वेक्षण अधिकाऱ्यांना तुमची गरज आहे, ते सांभाळून घेतात. फक्त जीप निघायच्या आधी फॉर्मच्या प्रती मोजून घ्या: जेवढ्या आजारी माणसांसाठी, निदान तेवढ्याच बऱ्या माणसांसाठी.