कोटावर घ्यायची शाल: या चुका टाळा

परदेशातल्या मुलीसाठी, सुनेसाठी शाल विणायला शिकायचं म्हणून बायका माझ्याकडे येतात आणि पहिल्याच दिवशी विचारतात, "लोकर किती लागेल?" कोट केवढा आहे, हे कुणीच सांगत नाही. पंजाबी ड्रेसवर छान बसणारी शाल जाड कोटावर गळ्यातल्या रुमालाएवढी दिसते. कोट घातलेल्या माणसाच्या खांद्यांवर जुनी ओढणी तिकोनी दुमडून टाका, टोकं पुढे हवी तेवढी आणा, तिथे सेफ्टीपिना लावा आणि मग टेपने मोजा. व्हिडिओ कॉलवर पाच मिनिटांत होतं. माझ्या मते दोन मीटरपेक्षा कमी लांबीची तिकोनी शाल कोटासाठी विणूच नये.

सुयांचे नंबर. आपल्याकडच्या जुन्या पद्धतीत नंबर वाढला की सुई बारीक होते, अमेरिकन पद्धतीत जाड. आपली ८ नंबर ४ मिलिमीटरची, अमेरिकन ८ नंबर ५ मिलिमीटरची. अमेरिकन नमुना आपल्या सुयांवर विणलात तर शाल लहान आणि पुठ्ठ्यासारखी होते. नंबर विसरा, मिलिमीटर बघा.

आता ज्या चुकीने मला खरंच वाईट वाटतं ती. माझ्याकडे शिकणाऱ्या एका मुलीचं रविवारचं टोरोंटोचं तिकीट होतं. गुरुवारी शाल सुयांवरून उतरली. दोन महिन्यांचं काम, पानांची जाळी, एकही टाका निसटलेला नाही. भिजवून, ताणून पिना लावल्या, आणि वाळल्यावर पिना काढताच शाल पुन्हा आक्रसली. मला फोन न करता तिने वाफेची इस्त्री थेट टेकवली. शनिवारी शाल घेऊन आली तेव्हा पानं चपटी, चकचकीत झाली होती आणि कापड ओल्या फडक्यासारखं लोंबत होतं. दुकानदाराने 'लोकर' म्हणून दिलेला गुंडा निव्वळ ॲक्रिलिकचा होता.

आपण विणायच्या सगळ्याच धाग्याला लोकर म्हणतो, तिथेच फसतो. खरी लोकर ओली झाली की तंतूंमधले बंध सैल होतात आणि वाळताना नव्या आकारात जुळतात; ब्लॉकिंग, म्हणजे विणकाम भिजवून, ताणून त्याला आकार देणं, ते एवढंच. ॲक्रिलिक हे प्लास्टिक. पाण्याने त्याला काही होत नाही, आणि जास्त उष्णतेने एकदा मेलं, म्हणजे लुळं पडलं, की परत येत नाही. म्हणून मी प्रत्येक नव्या गुंड्याचा बोटभर धागा चिमट्यात धरून जाळते. केस जळल्याचा वास आला आणि राख चुरगळली तर लोकर. वितळून कडक मणी झाला तर ॲक्रिलिक. त्यालाच आकार द्यायचा असेल, तर इस्त्री दोन बोटं वर धरून फक्त वाफ द्या, तीही आधी नमुन्याच्या तुकड्यावर. तो तुकडा विणायचा कंटाळा करणाऱ्यांना मी पुढचं शिकवत नाही.

टाके घट्ट बंद करू नका. कड ताणली जात नाही आणि सगळी शाल वाटीसारखी गोळा होते. मी शेवटच्या ओळीला मिलिमीटरभर जाड सुई घेते.

मशीनमध्ये धुता येणारी, म्हणजे सुपरवॉश लोकर ओली झाली की पसरते. ती फार ताणू नका.

गरम पाण्यात चोळलेली साधी लोकर आक्रसून नमद्यासारखी घट्ट होते. कोमट पाण्यात अर्धा तास नुसती बुडवून ठेवा, पिळू नका. टॉवेलमध्ये गुंडाळून वर उभ्या राहा.

पिना स्टीलच्याच घ्या, गंजाचा डाग जात नाही. आधी मधली रेघ सरळ करा, मग दोन्ही पंख. मुलांच्या खेळायच्या फोमच्या चटया याला उत्तम.

आणि वाळू द्या. हाताला कोरडी लागते तेव्हाही जाड टाक्यांच्या पोटात ओल असते. पुण्यात पावसाळ्यात मी पंख्याखाली तीन दिवस ठेवते आणि त्या खोलीत कुणाला जाऊ देत नाही.