हुकूमशहांचा उदय अभ्यासताना या चुका टाळा

दोन महायुद्धांमधील काळाविषयी लिहिताना सर्वांत जास्त वेळा आढळणारे चुकीचे विधान म्हणजे ‘जर्मन जनतेने हिटलरला बहुमताने निवडून दिले’. जुलै १९३२ मध्ये नाझी पक्षाला ३७.३ टक्के मते मिळाली होती आणि नोव्हेंबरमध्ये ती ३३.१ टक्क्यांवर घसरली. पक्ष सर्वांत मोठा होता, परंतु बहुमत त्याच्याकडे नव्हते. ओहोटी लागलेल्या या पक्षाला सरकारात घेऊन मुठीत ठेवता येईल, असा हिशेब माजी चान्सलर फ्रान्झ फॉन पापेन आणि त्यांच्या साथीदारांनी मांडला, राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्ग यांनी तो मान्य केला आणि ३० जानेवारी १९३३ रोजी हिटलर चान्सलर झाला. त्या मंत्रिमंडळात त्याच्यासह नाझी अवघे तीन होते.

मात्र येथे थांबणे ही दुसरी, आणि माझ्या मते अधिक गंभीर, चूक आहे. नेमणूक म्हणजे हुकूमशाही नव्हे. ती पुढच्या ५२ दिवसांत उभी राहिली. २७ फेब्रुवारीला राईशस्टागची, म्हणजे जर्मन संसदेची, इमारत जळाली, दुसऱ्याच दिवशी अध्यादेशाने नागरिकांची मूलभूत स्वातंत्र्ये स्थगित झाली आणि २३ मार्चला, कम्युनिस्ट सदस्य तुरुंगात किंवा भूमिगत असताना, संसदेने कायदे करण्याचा आपला अधिकार ४४४ विरुद्ध ९४ मतांनी सरकारच्या हवाली केला. ती ९४ मते एकट्या सोशल डेमोक्रॅटिक पक्षाची होती. हा क्रम तारखांसह लिहिला, तर कोणत्या टप्प्यावर कोणी माघार घेतली हे वाचकाला दिसते.

कारणांमध्ये महागाई आणि बेकारी यांची सरमिसळ करू नये. एका डॉलरला ४.२ लाख कोटी मार्क मोजावे लागत, तो काळ नोव्हेंबर १९२३ चा. त्याच महिन्यातला हिटलरचा म्युनिकमधील उठाव फसला आणि १९२८ च्या निवडणुकीत त्याच्या पक्षाला जेमतेम २.६ टक्के मते पडली. पक्ष फोफावला तो महामंदीत, जेव्हा बेकारांची संख्या साठ लाखांच्या घरात गेली. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीवर लादलेला व्हर्सायचा तह दोन्ही वेळी होताच, त्यामुळे केवळ त्याच्याकडे बोट दाखवून हा फरक उलगडत नाही.

मुसोलिनीने रोम जिंकले, हेही असेच एक सोयीचे वाक्य. ऑक्टोबर १९२२ मध्ये इटलीचे पंतप्रधान फाक्ता यांनी लष्करी कायदा लागू करण्याचा आदेश तयार केला होता. राजा तिसरा व्हिक्टर इमॅन्युएल याने त्यावर सही केली नाही. मुसोलिनी त्यानंतर मिलानहून रेल्वेने आला.

जपानला हाच साचा लावला की मांडणी बिघडते, कारण तेथे हिटलरसारखा पक्षनेता नव्हता. तोजो हिदेकी पंतप्रधान झाले ते ऑक्टोबर १९४१ मध्ये, म्हणजे लष्कराने पकड घट्ट केल्यानंतर. ईशान्य चीनमधील मंचुरियात तैनात असलेल्या जपानच्या क्वांटुंग सैन्याच्या अधिकाऱ्यांनी सप्टेंबर १९३१ मध्ये मुकडेनजवळ स्वतःच रेल्वेमार्गावर स्फोट घडवून चढाई सुरू केली आणि टोकियोतील सरकार त्यामागे फरफटत गेले. मे १९३२ मध्ये पंतप्रधान इनुकाई यांची नौदलाच्या तरुण अधिकाऱ्यांनी हत्या केली. पुढे, १९३६ मध्ये, युद्धमंत्री सेवेतील लष्करी अधिकारीच असला पाहिजे, हा नियम पुन्हा लागू झाला. जानेवारी १९३७ मध्ये सम्राटाने निवृत्त जनरल उगाकी काझुशिगे यांना सरकार स्थापन करण्यास सांगितले, तेव्हा लष्कराने युद्धमंत्री देण्यास नकार दिला आणि ते मंत्रिमंडळ अस्तित्वातच आले नाही.