पोटात केसांचा गोळा: या चुका टाळा

इंदूरला सोनोग्राफी करता करता माझे केस पिकले, तरी 'मॅडम, गॅसच असेल ना?' हे काही संपत नाही.

पहिली चूक: जेवत नाही म्हणजे नखरे. राजेंद्रनगरची बारा वर्षांची पोर, चार घास पोह्यांत पोट भरायचं. वर्षभर हिंग, जंताच्या गोळ्या, लोहाचं टॉनिक. नजरसुद्धा उतरवून झाली. पोटावर प्रोब, म्हणजे सोनोग्राफीचा दांडा, ठेवला तर पडद्यावर जठरात पांढरी कमान आणि तिच्यामागे मिट्ट काळोख. मला वाटलं, खाऊन आलीय. 'उद्या उपाशीपोटी या.' ही माझी चूक. दुसऱ्या दिवशी कमान तिथंच! तेव्हा कुठे मी तिच्या डोक्याकडे पाहिलं. डाव्या कानावर रुपयाएवढी जागा विरळ, आईनं तेल चोपडून भांग फिरवलेला. ऑपरेशनमध्ये जठराच्याच आकाराचा काळाकुट्ट, घाण वासाचा गोळा निघाला, शेपूट लहान आतड्यात उतरलेलं. अशा शेपटीला १९६८ पासून, परीकथेतल्या लांब केसांच्या मुलीवरून, रपुन्झेल सिंड्रोम म्हणतात.

केस म्हणजे केराटिन नावाचं प्रथिन, ते आपल्याला पचत नाही. शिवाय गुळगुळीत, म्हणून पुढे न सरकता जठराच्या वळ्यांत अडकतात. त्यांत अन्न गुंततं, कुजतं. तोंडाला वास येतो तो त्याचाच. ब्रश बदलून काय होणार?

जुलाबाचं औषध देऊन गोळा पडत नाही. बाटलीतला कोला फळांच्या तंतूंच्या गोळ्यावर कधी चालतो, केसांवर नाही. मोबाइलवर वाचून बाटली आणणाऱ्यांपुढे मी हात टेकलेत. पोट फुगलं, हिरवी उलटी झाली, वारा सरेना, तर आतडं अडलंय समजा आणि रात्रीच दवाखाना गाठा.

दुसरी आवडती चूक: आजी, आत्या, भाऊ सगळ्यांसमोर 'केस खातेस का गं?' कोण हो म्हणेल? मी सगळ्यांना चहाला पिटाळते आणि विचारते, 'केस चावले की बरं वाटतं का?' बहुतेक पोरी मान खाली घालतात. तेवढं मला पुरतं.

आणि टाके निघाले की 'झालं एकदाचं' म्हणणारे! केस ओढायची सवय मनाची आहे. समुपदेशन टाळलं तर गोळा पुन्हा होऊ शकतो. त्या आईला सांगितलं तर म्हणाली, 'लोक वेडी म्हणतील हो.' तीन महिन्यांनी आली, 'आता छान जेवते.' पोर शेजारी, मांडीवर धाकटी बहीण. धाकटीच्या वेणीचं टोक ओलं होतं.