रिमोट डेस्कटॉपचं लायसन्स अडकलंय? रीस्टार्ट मारायच्या आधी हे बघा

गणपतीच्या सुमारास नवीन सर्व्हर बसवला, सगळं मस्त चाललं होतं आणि जानेवारीत एका सकाळी अचानक कोणालाच लॉगिन होईना, असं झालं असेल तर उत्तर आत्ताच सांगून टाकतो, तुमचे १२० दिवस संपलेत. विंडोज सर्व्हरवर सेशन होस्टचा रोल (एकाच सर्व्हरवर अनेकांना लांबून काम करू देणारी सोय) टाकला की मायक्रोसॉफ्ट १२० दिवसांचा ग्रेस पिरियड देतं, तोवर लायसन्सिंग सर्व्हर (म्हणजे लायसन्स वाटणारा सर्व्हर) आहे की नाही याची कटकट नसते. तुर्भे घ्या, महापे घ्या, नाहीतर ठाण्यात वागळे इस्टेट, छोट्या ऑफिसात हेच बघायला मिळतं, व्हेंडर रोल टाकतो, टॅली चालू करून देतो, बिल घेऊन मोकळा होतो आणि लायसन्सचं काय विचारलं की "ते नंतर बघू".

एरर साधारण असा येतो की लायसन्स द्यायला एकही रिमोट डेस्कटॉप लायसन्स सर्व्हर उपलब्ध नाही म्हणून सेशन तोडलं. हे वाचून शेठ लगेच नवीन लायसन्स घ्यायला सांगतात, पण जरा थांबा, बऱ्याचदा लायसन्स घेतलेली असतात, टाकलेली पण असतात, फक्त ती कोणाकडे मागायची आणि कुठल्या प्रकारची मागायची हे सेशन होस्टला कोणी सांगितलेलंच नसतं. (टॅली उघडतंय पण एज्युकेशनल मोडमध्ये जातंय, असं असेल तर ते टॅलीचं स्वतःचं लायसन्स आहे, तो विषयच वेगळा, इथे शोधू नका.)

आधी आत शिरा. रन मध्ये एमएसटीएससी टाइप करून एक स्पेस आणि स्लॅश एडमिन लावा, म्हणजे अॅडमिन सेशन उघडतं आणि त्याला ही लायसन्स लागतच नाहीत. पण अशी सेशन्स दोनच मिळतात आणि ती सर्व्हर सांभाळायला आहेत, अकाउंट्सवाल्यांना सगळ्यांना अॅडमिन करून यातूनच कामाला बसवायचा जुगाड करू नका प्लीज.

आत गेलात की एलएसडायग डॉट एमएससी चालवा. हा लायसन्सिंग डायग्नोझर, आणि खरं सांगायचं तर अर्धं काम इथेच होतं. वर क्लायंटसाठी किती लायसन्स उपलब्ध आहेत तो आकडा दिसतो, खाली पिवळ्या-लाल खुणांसकट तक्रारी येतात. आकडा शून्य आणि खाली लायसन्सिंग मोड कॉन्फिगर केलेला नाही असं लिहिलेलं असेल तर गाडी कुठे अडलीय ते कळलंच. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये पण एक नजर टाका, ११२८ नंबर म्हणजे ग्रेस पिरियड संपला, ११३० म्हणजे लायसन्स सर्व्हरचं नावच दिलेलं नाही.

दुरुस्ती ग्रुप पॉलिसीतून (विंडोजच्या नियमांची सेटिंग्ज) करायची. कॉम्प्युटर कॉन्फिगरेशन, अॅडमिनिस्ट्रेटिव्ह टेम्प्लेट्स, विंडोज कंपोनंट्स, रिमोट डेस्कटॉप सर्व्हिसेस, सेशन होस्ट, लायसन्सिंग, एवढं आत गेलात की दोन सेटिंग सापडतील, एकात लायसन्स सर्व्हरचं नाव द्यायचं, दुसऱ्यात मोड निवडायचा. एकच मशीन दोन्ही कामं करत असेल तरी नाव द्यावंच लागतं, आपोआप समजेल अशा भरवशावर राहू नका. मग जीपीअपडेट, स्पेस, स्लॅश फोर्स ही कमांड मारा, संध्याकाळी सगळे घरी गेले की एक रीबूट द्या आणि डायग्नोझर परत उघडून बघा.

आता मोड, खरा घोळ इथेच होतो. पर डिव्हाइस म्हणजे लायसन्स मशीनला, पर युजर म्हणजे माणसाला. गोडाऊनमध्ये एकाच पीसीवर तीन शिफ्टची माणसं बसतात तिथे पर डिव्हाइस स्वस्त पडतं, आणि एकच माणूस ऑफिसच्या पीसीवरून, घरच्या लॅपटॉपवरून आणि लोकलमध्ये मोबाईलवरून लॉगिन करत असेल तर पर युजर घ्या. घेतलंय एक आणि सेट केलंय दुसरं, असं असेल तर लायसन्स असून पण मिळणार नाहीत. आणि ऑफिसात डोमेन (सगळ्यांची लॉगिन एकाच ठिकाणी सांभाळणारी व्यवस्था) नाहीये, नुसता वर्कग्रुप (प्रत्येक मशीन स्वतंत्र) आहे, तर पर युजर घेऊच नका, सर्व्हर २०१९ वर तर ६० मिनिटांत सेशन बंद होईल असा मेसेज येतो आणि खरंच बंद होतं, लोक नेटवाल्याला शिव्या घालत बसतात.

व्हर्जन पण बघा. २०१९ चा सेशन होस्ट असेल तर २०१६ ची लायसन्स चालत नाहीत, उलटं मात्र चालतं. लायसन्स सर्व्हर जुना असेल तर त्यावर नवीन लायसन्स चढतच नाहीत.

सगळ्यांचं चालतंय आणि एकाच पीसीला एरर येतोय? मग सर्व्हरला हात लावू नका. त्या पीसीच्या रजिस्ट्रीत एचकेएलएम, सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्टच्या खाली एमएसलायसन्सिंग नावाची की असते, आधी बॅकअप घ्या, ती उडवा आणि रिमोट डेस्कटॉप एकदा रन अॅज अॅडमिनिस्ट्रेटर करून जोडा, साध्या युजरने उघडलं तर की परत तयार होत नाही आणि एरर तसाच राहतो. नवीन मशीनला आधी ९० दिवसांचं टेम्पररी लायसन्स मिळतं, म्हणून तीन महिने व्यवस्थित चाललेला लॅपटॉप एकदम अडतो, तेव्हा पर डिव्हाइसची लायसन्स संपलीत का ते लायसन्सिंग मॅनेजरमध्ये बघा. भंगारात गेलेल्या मशीनची लायसन्स तिथून रिव्होक करता येतात, पण एका वेळी एकूण लायसन्सच्या २० टक्क्यांपर्यंतच, बाकीची ५२ ते ८९ दिवसांत आपोआप सुटतात.

सेशन होस्ट आणि लायसन्स सर्व्हर वेगवेगळ्या मशीनवर असतील आणि लाईट जाऊन आल्यावर प्रॉब्लेम सुरू झाला असेल तर आधी लायसन्स सर्व्हर चालू झालाय का, त्यावरची लायसन्सिंग सर्व्हिस उठलीय का आणि आयपी बदललाय का ते तपासा. नंतर फायरवॉल, १३५ पोर्ट आणि आरपीसीचे (विंडोज मशीन्स ज्यातून एकमेकांशी बोलतात त्याचे) ४९१५२ पासूनचे वरचे पोर्ट या दोघांमध्ये मोकळे लागतात. युजरच्या पीसीचा लायसन्स सर्व्हरशी थेट संबंध येत नाही, सेशन होस्टच मध्ये असतो, त्यामुळे घरून काम करणाऱ्यांसाठी हे पोर्ट राउटरवर उघडायची काहीही गरज नाही. उघडले असतील तर आजच बंद करा, याच लायसन्सिंग सर्व्हिसमध्ये सुरक्षेचं १० पैकी ९.८ गंभीरता स्कोअरचं भोक सापडलं होतं आणि जुलै २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने त्याचा पॅच काढला, तो टाकलाय का ते पण बघून घ्या.

ग्रेस पिरियडची रजिस्ट्री की डिलीट करा म्हणजे परत १२० दिवस मिळतात, असे व्हिडिओ ढिगाने आहेत. लायसन्स न घेता ते करत राहणं म्हणजे सरळ कराराचा भंग, क्लायंटकडे असं करून ठेवलंत तर ऑडिटला उत्तर तुम्हालाच द्यावं लागेल.