कॅलरी मोजायला लागण्याच्या आदल्या रात्री

उद्यापासून खाणं वजन करून मोजायचं ठरलं असेल, तर आज रात्री अर्धा-पाऊण तास स्वयंपाकघरासाठी काढा. सकाळी एका शेगडीवर कुकर, दुसरीवर तवा, डबे भरायची घाई. अशा वेळी पातेल्याचं रिकामं वजन किती, हे शोधत बसायला कुणालाच वेळ नसतो. मग अंदाजाने आकडे टाकले जातात आणि आठवड्याभरात वही बंद पडते. जे काम आधी होण्यासारखं आहे, ते आधीच उरकून ठेवायचं.

सुरुवात काट्यापासून. स्वयंपाकघरासाठी सपाट डिजिटल वजनकाटा पुरतो, एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा आणि निदान ५ किलो पेलणारा. ५ किलो जास्त वाटतात, पण भरलेलं जाड बुडाचं पातेलं तीन-साडेतीन किलोच्या घरात सहज जातं, आणि मर्यादा ओलांडली की काटा आकड्याऐवजी चुकीची खूण दाखवून बसतो. सोनाराचा असतो तसा दशांश ग्रॅमचा काटा घेऊ नका. तो थोडंच वजन पेलतो आणि आपल्या कामाला इतकी बारकाई लागत नाही. पृष्ठभाग लहान आणि आकड्यांची पट्टी त्याच्या अगदी खाली असेल, तर मोठं ताट ठेवल्यावर आकडे झाकले जातात. अशा काट्यावर एक उपडी वाटी ठेवून, शून्य करून, तिच्यावर ताट ठेवावं. सेलचा एक जादा जोड आजच आणून ठेवा. सेल उतरला की बऱ्याच काट्यांचे आकडे आधी भटकायला लागतात आणि मग काटा बंद पडतो. मधल्या दिवसांतली मापं चुकलेली असतात, ते कळतही नाही.

जागाही ठरवून घ्या. ओट्याचा दगड बऱ्याच घरांत पाणी वाहून जावं म्हणून सिंककडे किंचित उतरता बसवलेला असतो. एका ताटलीत थोडं पाणी ओतून ओट्यावर ठेवलं की ते कुठल्या बाजूला सरकतं ते दिसतं. उतार असेल तर काटा जेवणाच्या टेबलावर मांडा. डोक्यावरचा पंखा जोरात असेल तर मोठ्या ताटाखाली आकडा दोन-तीन ग्रॅम नाचत राहतो, आणि शेजारी मिक्सर चालू असेल तरीही. चुलीवरून उतरवलेलं भांडं थेट काट्यावर ठेवायचं नाही. उष्णतेने आतला वजन घेणारा भाग बिघडतो आणि आकडा हळूहळू सरकत राहतो. मधे लाकडी पाट किंवा जाड जाळी ठेवा, आणि भांडं ठेवण्याआधी पाटासकट शून्य करा.

काटा खरा आहे का, हे घरच्या घरी तपासता येतं. १० रुपयांच्या दोनरंगी नाण्याचं वजन सुमारे पावणेआठ ग्रॅम असतं. अशी दहा नाणी ७७ ग्रॅमच्या आसपास भरायला हवीत. मोठ्या वजनासाठी न फोडलेली एक किलो मिठाची पिशवी ठेवा, ती प्लॅस्टिकसकट हजाराहून थोडीशी जास्त भरेल. एकच वस्तू मध्यावर आणि मग चारही कोपऱ्यांवर ठेवून बघा. कोपऱ्यावर फरक पडत असेल तर भांडं नेहमी मध्यावर ठेवायची सवय लावा.

आता रिकामी भांडी. वाणी माल घालण्याआधी भांड्याचा धडा करून घेतो, म्हणजे रिकाम्या भांड्याचं वजन हिशेबातून काढून टाकतो. काट्यावरचं टेअरचं बटण तेच काम करतं. पण शिजल्यानंतर भरलेल्या पातेल्याचा धडा करता येत नाही, म्हणून त्याचं रिकामं वजन आधीच हाताशी हवं. रोजच्या वापरातली पातेली, कढई, कुकरमधली दोन भांडी, पोळ्यांचा डबा, आपलं ताट आणि आपली वाटी धुऊन, कोरडी पुसून एकेक करून ठेवा आणि आकडे एका कागदावर लिहा. हा कागद फडताळाच्या दाराला आतून चिकटवायचा. भांड्यांच्या बुडाला पेनाने लिहिलेलं घासणीने दोन दिवसांत जातं. झाकण आणि डाव यांची वजनं लिहिण्यात अर्थ नाही, ती दर वेळी बाजूला काढायची. जुळ्या दिसणाऱ्या दोन पातेल्यांत तीस-चाळीस ग्रॅमचा फरक निघू शकतो, तेव्हा कुठलं कुठलं ते ओळखता येईल अशी खूण लिहा.

वाटीही या निमित्ताने मापून घ्या. आमटीची वाटी कुठे १०० मिलीची असते, कुठे २०० मिलीची, आणि मोबाइलवरच्या ॲपमध्ये मात्र नुसतं 'एक वाटी' असं लिहिलेलं असतं. तुमच्या वाटीत काठोकाठ पाणी भरून नुसत्या पाण्याचं वजन घ्या. जितके ग्रॅम तितके मिली. त्यापुढे ॲपमधली वाटी विसरा आणि फक्त ग्रॅम टाका.

दुसरा कागद आकड्यांचा. रोजच्या वीस-पंचवीस जिन्नसांच्या एका ग्रॅमच्या कॅलरी लिहून ठेवल्या की दर वेळी शोधावं लागत नाही. पाकीटबंद मालाचा आकडा पाकिटावरून घ्या, पण तो १०० ग्रॅमचा आहे की एका वाढणीचा, ते वाचूनच. सुट्या मालासाठी हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली प्रसिद्ध केलेले भारतीय अन्नघटकांचे तक्ते सगळ्यांत भरवशाचे. त्यात ५२८ खाद्यपदार्थ आहेत, मात्र ऊर्जा किलोज्यूलमध्ये दिलेली आहे. पांढऱ्या तांदळापुढे १४९० च्या आसपासचा आकडा पाहून दचकू नका, ४.१८४ ने भागलं की १०० ग्रॅमच्या सुमारे ३५६ कॅलरी येतात. कागदावर ढोबळ आकडे पुरतात. तेल आणि तूप ग्रॅमला ९, शेंगदाणे साडेपाच, साखर ४, तांदूळ, साबुदाणा आणि पोहे साडेतीन, कणीक, तूर डाळ आणि ज्वारीचं पीठ ३.३.

यातले धान्य-डाळींचे आकडे कच्च्या, कोरड्या जिन्नसांचे आहेत, आणि सगळ्यांत मोठी चूक इथेच होते. २०० ग्रॅम तांदूळ शिजून साधारण ५५०-६०० ग्रॅम भात होतो. कॅलरी तेवढ्याच राहतात, वाढतं ते पाणी. १५० ग्रॅम भाताला तांदळाचा आकडा लावला तर ५३० कॅलरी लिहिल्या जातात, प्रत्यक्षात असतात १९० च्या आसपास. उलटं केलं, म्हणजे ६० ग्रॅम तांदूळ मोजून ॲपमध्ये 'भात' निवडला, तर २१० च्या जागी ७८ दिसतात आणि माणूस खूश होऊन वर तूप घेतो. म्हणून नियम एकच ठेवा: वजन कच्च्याचं, आकडा कच्च्याचा.

मग सगळ्यांसाठी एकाच पातेल्यात केलेल्या वरणातला आपला वाटा कसा काढायचा? पातेल्यात पडणारा प्रत्येक जिन्नस टाकताना मोजायचा. समजा १५० ग्रॅम तूर डाळ, म्हणजे ४९५ कॅलरी. फोडणीला १० ग्रॅम तूप, ९०. गुळाचा १० ग्रॅमचा खडा, ३७ धरा. एकूण ६२० च्या आसपास. हळद, हिंग, मोहरी, मीठ, कोथिंबीर सोडून द्या. वरण तयार झालं की भरलेलं पातेलं काट्यावर ठेवा, कागदावरचं रिकामं वजन वजा करा. ९०० ग्रॅम वरण भरलं, तर ग्रॅमला ०.६९, १५० ग्रॅमच्या वाटीला १०४. उद्या तेच वरण पातळ करून ११०० ग्रॅम झालं, तर तीच वाटी ८५ ची. दाट-पातळाचा हा फरक डोळ्यांना दिसत नाही, म्हणून शिजल्यानंतरचं वजन दर वेळी घ्यायचं. वाढण्याआधी डाव तळापासून फिरवा. वरच्या पाण्याला आणि तळच्या डाळीला एकच आकडा लागू होत नाही.

पोळीच्या बाबतीत मात्र भाजल्यानंतर मोजण्यात अर्थ नाही. तव्यावर कुणाची पोळी जास्त वाळते, कुणाची मऊ राहते. मोजायचा तो गोळा. ३०० ग्रॅम कणीक, १० ग्रॅम तेल आणि पाणी मिळून ५०० ग्रॅमचा उंडा झाला, तर त्यात १०८० कॅलरी, म्हणजे ग्रॅमला सव्वादोनच्या किंचित आत. ४० ग्रॅमच्या गोळीची पोळी ८६ ची. घडीला लावलेलं तेल आणि उतरवल्यावर फिरवलेलं तूप यात धरलेलं नाही. ते प्रत्येकी तीन ग्रॅम गेलं तर पोळी १४० ला पोचते. भाकरीला तेल नसल्याने हिशेब सोपा. एका भाकरीचं पीठ परातीत घेतानाच मोजा, थापताना लावायचं पीठही त्यातूनच घ्या.

तेलाकडे सगळ्यांत जास्त लक्ष द्या. काकडी मोजताना ५ ग्रॅम चुकले तर एक कॅलरीसुद्धा इकडची तिकडे होत नाही. तेलात तीच चूक ४५ कॅलरींची. जिथे ग्रॅममागे कॅलरी जास्त, तिथे बारकाई जास्त. तेल, तूप, लोणी, शेंगदाण्याचं कूट, सुकं खोबरं, ओलं खोबरं, काजू, तीळ, साखर, गूळ, शेव, फरसाण. एवढ्यांना काट्याशिवाय हात लावायचा नाही. पालेभाजी, दुधी, काकडी, टोमॅटो यांचं अंदाजे वजन चालतं.

तेल मोजायची रीत वेगळी. कढई काट्यावर ठेवून वरून धार सोडली तर दोन अडचणी येतात. पहिली अशी की बारीक धार हळूहळू सोडली तर पुष्कळ स्वस्त काटे ती पकडतच नाहीत. एखाद्या ग्रॅमची सावकाश वाढ म्हणजे आपलीच चलबिचल समजून ते शून्यावर परत येतात. दुसरी म्हणजे जास्त पडलेलं तेल परत काढता येत नाही. त्यापेक्षा तेलाची बाटलीच काट्यावर ठेवा, शून्य करा, बाटली उचलून कढईत तेल ओता आणि परत ठेवा. उणे ९ दिसलं की ९ ग्रॅम गेलं. तुपाचा डबा चमच्यासकट ठेवा, कुटाची बरणी तशीच. चमच्याला चिकटून राहिलेलं तूपही या पद्धतीत आपोआप वगळलं जातं. मात्र काटा दोन-एक मिनिटांत आपोआप बंद होत असेल, तर बाटली हातात असताना फोनवर बोलू नका, शून्य पुसलं जातं. आणि तेल मिलीत मोजून ग्रॅममध्ये लिहू नका: एक लिटर तेल ९१० ग्रॅमच भरतं, पिशवीवर तसं छापलेलंही असतं.

कुटाची गंमत साबुदाण्याच्या खिचडीत दिसते. एका माणसाची खिचडी घ्या. ६० ग्रॅम साबुदाणा भिजवण्याआधी मोजला, त्याच्या २१०. ५० ग्रॅम बटाटा, ३७. ३० ग्रॅम कूट, १६५. १० ग्रॅम तूप, ९०. ताटलीत दिसतो तो साबुदाणा, पण पाचशेपैकी अडीचशेहून जास्त कॅलरी त्या ४० ग्रॅम कूट-तुपातून येतात. मुठीने कूट घालणाऱ्या हाताने एक मूठ वाढवली, तर आणखी दीडशे.

तळणाचं तेल मोजायचं असेल तर रिकाम्या कढईचं वजन कागदावर आहेच. तळण्याआधी तेल किती आणि तळून झाल्यावर किती, एवढंच हवं. पण दुसरं वजन तेल पूर्ण निवल्यावरच घ्यायचं. गरम तेलाची कढई काट्याकडे न्यायचीच नाही. वीस पुऱ्यांत ६० ग्रॅम तेल कमी झालं, तर पुरीला २७ कॅलरी कणकेवर जादा. कागदाने शोषलेलं तेलही यात धरलं जातं, तेवढं चालवून घ्या.

दुधाचा हिशेब पिशवीवरून करता येतो. ६ टक्के फॅट आणि ९ टक्के एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) असलेल्या फुल क्रीम दुधाला १०० ग्रॅममागे फॅटचे ५४ आणि बाकीचे सुमारे ३३, मिळून ८७. ३ टक्क्यांच्या टोन्ड दुधाला ५८. घरी साय काढलेल्या दुधाला नक्की आकडा नसतो. निदान पहिले पंधरा दिवस चहापुरतं टोन्ड दूध वेगळं आणा. फुल क्रीमचं ५० ग्रॅम दूध आणि ७ ग्रॅम साखर घातलेला कप ७० च्या पुढे जातो, आणि असे चार कप म्हणजे मघाच्या जवळजवळ तीन वाट्या वरण.

फळं आणि काट्याचं-हाडाचं खाणं उलटं मोजावं. आंबा आधी पूर्ण, खाल्ल्यावर साल आणि कोय, वजाबाकी म्हणजे खाल्लेला गर. केळ्याची साल एकूण वजनाच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास असते. बांगडा, कोंबडी, मटण यांचे काटे-हाडं ताटाच्या कडेला काढून शेवटी मोजा. कोलंबी सोलल्यावर.

घरातल्यांना आधी सांगून ठेवा. स्वयंपाक दुसरं कुणी करत असेल, तर त्यांच्यामागे काटा घेऊन उभं राहू नका. तेलाची बाटली आणि कुटाची बरणी सकाळी एकदा आणि स्वयंपाक झाल्यावर एकदा आपणच मोजायची, म्हणजे कुणालाही न अडवता एकूण आकडा मिळतो. आपल्या ताटात आलेला वाटा तेवढा वजनाने काढायचा.

मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा गोळ्या चालू असतील, दिवस गेलेले असतील, बाळ अंगावर पीत असेल, तर खाणं कमी करण्याआधी डॉक्टरांशी बोला. वाढत्या वयाच्या मुलांचं ताट काट्यावर ठेवू नका. आणि ज्यांनी कधी मुद्दाम उपाशी राहण्याचा किंवा खाल्लेलं ओकून काढण्याचा त्रास सोसला आहे, त्यांनी या वाटेला एकट्याने अजिबात जाऊ नये. त्यांच्यासाठी हे आकडे धोक्याचे ठरू शकतात.

झोपण्याआधी काटा ओल्या फडक्याने पुसून, कणकेचे कण फटीतून काढून, आडवा ठेवा आणि त्यावर डबे रचू नका. कागद दाराला लावलेला, पेन्सिल दोऱ्याने तिथेच बांधलेली. सकाळच्या वरणाची डाळ आत्ताच मोजून झाकून ठेवली तर उद्याचं पहिलं माप झालंच.