आखडलेल्या खुब्यासाठी पाऊल आणि घोट्याचा मसाज

खुबा आखडला की आपण खुब्यालाच ताण देत बसतो. बऱ्याच जणांच्या बाबतीत खालचा घोटाही तितकाच ताठ असतो, पण तिकडे लक्ष जात नाही. चालताना शरीर पावलावरून पुढे जातं तेव्हा नडगी साधारण १० अंश पुढे झुकावी लागते आणि अंगठा चांगलाच वर वळावा लागतो. हे होत नसेल तर पाय मागे पुरता जाण्याआधीच उचलला जातो आणि खुबा रोज हजारो पावलं अर्ध्याच पल्ल्यात हलतो. टाचेचंही तसंच आहे. टाच आत कलली की नडगी आत फिरते, तिच्यामागून मांडीचं हाड फिरतं आणि ते खुब्याच्या खोबणीतच बसलेलं असतं.

तळव्यावरचा एखादा बिंदू दाबला की खुबा मोकळा होतो, या दाव्याला मात्र भक्कम पुरावा नाही. इथे काम बिंदूंचं नाही, सांध्यांचं आहे.

आधी मोजून घ्या

भिंतीकडे तोंड करून अनवाणी उभे राहा. एक पाऊल पुढे ठेवा आणि टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवा. टेकला की पाऊल थोडं मागे घ्या, पुन्हा टेकवा. टाच उचलली जाण्याआधी अंगठा भिंतीपासून किती सेंटीमीटर मागे जातो ते लिहून ठेवा. १० सेंटीमीटरच्या आसपास ठीक समजतात. दोन पायांत २ सेंटीमीटरहून जास्त फरक असेल तर कमी भरलेल्या पायापासून सुरुवात करा. मग उताणे झोपून एकेक गुडघा छातीकडे ओढा आणि कुठे अडतं ते लक्षात ठेवा.

कधी करू नये

एकाच पोटरीला सूज, लाली, ऊब आणि दुखणं असेल तर हातही लावू नका. शिरेत रक्ताची गुठळी असू शकते, ताबडतोब डॉक्टरांकडे जा. ताजी मुरगळ, फ्रॅक्चर, जखम किंवा त्वचेचा संसर्ग असताना मसाज नको. फुगलेल्या शिरांवर दाब देऊ नका. मधुमेहामुळे पाऊल बधिर असेल तर दाब किती होतोय हे कळतच नाही, म्हणून आधी विचारून घ्या.

बसायचं कसं

पहिली अडचण इथेच येते. एक पाय दुसऱ्या गुडघ्यावर ठेवून बसा, असं सगळीकडे सांगतात, आणि आखडलेल्या खुब्याला नेमकं तेच जमत नाही. जबरदस्तीने पाय वर ओढला तर मसाज संपेपर्यंत खुबा आणखी आवळतो. त्यापेक्षा पलंगावर पाठ टेकून बसा, गुडघा वाकवून त्याखाली उशी घ्या आणि टाच जवळ ओढा. हात पोहोचत नसेल तर घरातल्या कुणाला तरी करू द्या. तेल अर्धा चमचा पुरे. जास्त झालं की हात नुसता घसरतो आणि टाचेची पकड सुटते.

मसाज

एका पायाला ८ ते १० मिनिटं द्या. दाब शून्य ते दहाच्या मापावर चार-पाच असावा. श्वास रोखला जात असेल किंवा बोटं आक्रसत असतील तर तो जास्त झाला.

१. दोन्ही तळहातांनी पाऊल वरून-खालून मिनिटभर चोळून गरम करा.

२. हाताच्या अंगठ्यांनी टाचेपासून बोटांकडे सावकाश रेघा ओढा: आतल्या कडेने, मधून आणि बाहेरच्या कडेने, प्रत्येकी ५ ते ६. टाचेच्या पुढे आतल्या बाजूला टोचल्यासारखं दुखत असेल तर ती जागा सोडून द्या, तिथे रगडल्याने ती आणखी चिडते.

३. चवड्याची शेजारशेजारची दोन हाडं दोन हातांत धरून एक वर, एक खाली अशी हलवा. चारही जोड्या करा. मग पायाचा अंगठा बुडाशी धरून वर वळवा, १० सेकंद थांबा, असं पाच वेळा.

४. आता टाच. सगळ्यात जास्त वेळ इथे द्या, कारण हीच पायरी घाईत उरकली जाते. एका हाताने घोट्याच्या वर नडगी पक्की धरा. दुसऱ्या हातात टाच वाटीसारखी घ्या आणि आत-बाहेर कलवा. हालचाल अगदी थोडी असते, तेवढीच हवी. नडगीही सोबत फिरत असेल तर वरचा हात सैल आहे आणि सांधा हललेलाच नाही. दोन मिनिटं करा. तळवा बाहेर वळेल अशी हालचाल सहसा तळवा आत वळेल त्या हालचालीपेक्षा कमीच असते, ती ओढून सारखी करायला जाऊ नका.

५. घोट्याच्या दोन्ही उंचवट्यांभोवती बोटांच्या टोकांनी लहान गोल फिरवा. आतल्या उंचवट्यामागे नाडी लागते, तिथूनच मज्जातंतूही जातो. तळव्यात मुंग्या आल्या तर बोट हलवा. घोट्याच्या समोरच्या घडीत आडव्या रेघा ओढा.

६. टाचेमागची जाड शीर (रक्तवाहिनी नव्हे, पोटरीचा स्नायू टाचेला जोडणारा दोर) चिमटीत धरून दोन्ही कडांनी वर पोटरीपर्यंत जा. ती थेट मागून दाबू नका. पोटरीच्या बाहेरच्या बाजूनेही वर जा, पण गुडघ्याखाली हाताला लागणाऱ्या हाडाच्या गोळ्याच्या अलीकडे थांबा. त्यामागून मज्जातंतू अगदी त्वचेलगत जातो.

७. शेवटी गुडघा स्थिर ठेवून घोटा दोन्ही दिशांना १०-१० वेळा फिरवा.

लगेच उठून हालचाल करा

मसाजने मिळालेला मोकळेपणा फार टिकत नाही, तो वापरला तरच उपयोग. आधी तळवा नीट पुसा. तेलकट पावलाने फरशीवर उभं राहणं म्हणजे घसरण्याला आमंत्रण. एकच पाय झाला असताना खोलीत एक फेरी मारा, दोन पायांतला फरक जाणवतो. दुसरा पाय झाल्यावर भिंतीपुढची तीच हालचाल दोन्ही बाजूंनी १० वेळा करा. मग दोन मिनिटं सावकाश चाला आणि मागचा पाय उचलण्याआधी अंगठ्यावर वजन जाऊ द्या. शेवटी पुन्हा मोजा. घोट्याचा आकडा वाढला पण छातीकडे गुडघा तिथेच अडला, तर खुब्याचं कारण वर आहे. मांडीच्या पुढच्या आणि कुल्ल्याच्या स्नायूंचे व्यायाम तेव्हा जास्त कामाचे.

एक दिवसाआड केलं तरी चालतं. दुसऱ्या दिवशी पाऊल दुखरं लागलं तर दाब कमी करा, वेळ नको.

दोन-तीन आठवड्यांत काहीच फरक नसेल तर नुसता मसाज वाढवत नेऊ नका. जांघेत खोल दुखणं, मोजे घालताना अडणं, लंगडणं, रात्री झोपमोड करणारी वेदना, किंवा सकाळी अर्ध्या तासाहून जास्त टिकणारा ताठरपणा असेल तर आठवडे मोजत बसू नका. त्रास सांध्याच्या आतला असू शकतो, डॉक्टरांना खुबा दाखवा.